उमेदवारी व्हिएतनाममधली

एके काळी मॅट्रिक झालेला मुलगा छापखान्यात, पेढीवर किंवा वकिलाच्या कचेरीत 'उमेदवारी'ला लागत असे. वेतन नाममात्र मिळे. बहुधा तेही नसे. तथापि वर्षभरात त्याला जे कळे, ते कोणत्याही पुस्तकात छापलेले नसे. गिऱ्हाइकाशी बोलावे कसे, चूक झाली तर ती लपवावी की सांगावी, आणि मालक रागावतो तेव्हा नेमका कशावर रागावतो, हे तो उमेदवार जवळून पाहून शिकत असे. आज याच उमेदवारीला 'इंटर्नशिप' म्हणतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिला पदवी शिक्षणात मानाचे स्थान दिल्यापासून ती केवळ हौसेची बाब राहिलेली नाही.

ही उमेदवारी परदेशात करावयाची म्हटली, की घराघरांत प्रथम अमेरिका, इंग्लंड, जर्मनी ही नावे उच्चारली जातात आणि खर्चाचा आकडा समोर येताच विषय तेथेच मिटतो. या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा पर्याय आहे. राहणीमान परवडणारे, प्रवास जवळचा आणि अर्थव्यवस्था वेगाने वर चढणारी, असे काही देश आशियातच आहेत. व्हिएतनाम हे त्यांतील ठळक उदाहरण होय.

रेशनच्या रांगेपासून जागतिक बाजारापर्यंत

व्हिएतनामचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ३१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून थोडेसे अधिक. लोकसंख्येने २०२३ मध्ये दहा कोटींचा टप्पा ओलांडला. आकारमानाने महाराष्ट्राच्या जवळपास असलेला हा देश १९७५ मध्ये प्रदीर्घ युद्धातून बाहेर पडला, तेव्हा पूर्णतः खचलेला होता. धान्य, कापड, साबण सारे शिधापत्रिकेवर मिळत असे. १९८६ मध्ये महागाईचा वार्षिक दर सातशे टक्क्यांच्याही पुढे गेला होता.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथील सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनाने 'दोई मोई' म्हणजे नवीकरणाचे धोरण स्वीकारले. १९८८ मध्ये सामूहिक शेतीची पकड सैल करून शेतकरी कुटुंबाला जमीन कसण्याचे आणि उत्पन्न राखण्याचे स्वातंत्र्य मिळाले. परिणाम असा, की तोवर अन्नटंचाई सोसणारा हा देश १९८९ मध्ये तांदळाची मोठ्या प्रमाणावर निर्यात करू लागला. १९९५ मध्ये अमेरिकेशी राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले, त्याच वर्षी 'आसियान'चे सदस्यत्व मिळाले आणि जानेवारी २००७ मध्ये व्हिएतनाम जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. २००९ मध्ये सॅमसंगच्या बाक निन्ह येथील कारखान्यातून मोबाईल संच बाहेर पडू लागले. २०२४ मध्ये अर्थव्यवस्थेच्या वाढीचा दर सात टक्क्यांच्या वर राहिला.

या प्रवासाचे बोलके उदाहरण म्हणजे 'एफपीटी' ही कंपनी. १९८८ मध्ये ती अन्नप्रक्रिया तंत्रज्ञानाची कंपनी म्हणून स्थापन झाली. आज ती देशातील माहिती तंत्रज्ञानाची अग्रगण्य संस्था आहे. दुसरे उदाहरण भारतीयांच्या अधिक परिचयाचे ठरावे. विजेवर चालणाऱ्या मोटारी बनविणाऱ्या 'विनफास्ट' या व्हिएतनामी कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये तमिळनाडूतील तुतिकोरिन येथे आपला कारखाना सुरू केला.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने या इतिहासाला एक व्यावहारिक अर्थ आहे. स्थिरावलेल्या, संपन्न देशात प्रत्येक कामाची चाकोरी ठरलेली असते आणि नवख्या उमेदवाराच्या वाट्याला त्या चाकोरीचा अगदी लहानसा तुकडा येतो. वाढत्या अर्थव्यवस्थेत कामे अधिक आणि जाणती माणसे कमी असतात. त्यामुळे एखाद्या चुणचुणीत विद्यार्थ्यावर लवकर विश्वास टाकला जाण्याची शक्यता तेथे अधिक असते.

एका घरातील प्रश्न

समजा, इचलकरंजीतील एक विद्यार्थिनी वस्त्रतंत्रज्ञानाच्या तिसऱ्या वर्षात शिकत आहे. वडिलांचे आठ यंत्रमाग आहेत. हो चि मिन्ह सिटीजवळच्या एका तयार कपड्यांच्या कारखान्यात तिला तीन महिन्यांची इंटर्नशिप देऊ केली आहे. वेतन नाही, दुपारचे जेवण तेवढे मिळेल. घरात जुने धोट्याचे माग बदलून रेपियर माग घेण्यासाठी बाजूला ठेवलेली एक मुदत ठेव आहे. ती मोडावी काय, असा प्रश्न त्या कुटुंबापुढे उभा आहे. असा प्रश्न थोड्याफार फरकाने अनेक मराठी घरांत, मग ती इंदूरला असोत, बडोद्याला असोत की बेळगावला, पडत असणार.

याचे उत्तर 'देश स्वस्त आहे' एवढ्यावरून देता येणार नाही. खर्च किती आणि त्या बदल्यात शिकावयास काय मिळणार, हे दोन्ही तराजूत घालावे लागेल.

प्रथम शिकण्याची बाजू पाहू. वस्त्रप्रावरणांच्या निर्यातीत व्हिएतनाम जगातील आघाडीच्या देशांपैकी एक आहे. २०२४ मध्ये ही निर्यात सुमारे ४४ अब्ज डॉलर झाली. मात्र शिलाईत तरबेज असलेला हा देश कापडाच्या बाबतीत बऱ्याच अंशी आयातीवर, विशेषतः चीनवर, अवलंबून आहे. युरोपीय संघाशी झालेला त्याचा मुक्त व्यापार करार १ ऑगस्ट २०२० पासून अमलात आला. त्यातील सवलतीचा कर मिळवावयाचा, तर कपडा केवळ व्हिएतनाममध्ये शिवून भागत नाही. त्याचे कापड कोठे विणले गेले, हेही पाहिले जाते. जी मुलगी मागांच्या खडखडाटात वाढली, तिला आपल्या गावच्या ताग्याकडे परदेशी खरेदीदार कोणत्या नजरेने पाहतो, हे तेथील एका शर्टाच्या कागदपत्रांवरून उमगेल. शिलाईच्या लाइनवर एक ऑपरेटर कमी पडला की पुढचे काम कसे तुंबते, नमुना नापसंत झाला की दोष कोठून शोधावयाचा, हेही तिला रोज दिसेल. वडिलांच्या धंद्याला याचा उपयोग होईल काय, हा प्रश्न विचारूनच तिने ही संधी जोखावी.

खर्चाचा ताळेबंद

व्हिएतनामचे चलन डोंग. एका रुपयास ढोबळमानाने तीनशे डोंग पडतात. दर रोज बदलतो, म्हणून निघण्यापूर्वी तो पाहून घ्यावा. हिशेबाची सोपी युक्ती अशी, की एक लाख डोंग म्हणजे सुमारे सव्वातीनशे ते साडेतीनशे रुपये. नवख्या माणसाला शून्यांची ही गर्दी गोंधळात टाकते. त्यातच वीस हजार आणि पाच लाख डोंगांच्या दोन्ही नोटा निळसर रंगाच्या आहेत. घाईत एकीऐवजी दुसरी दिली गेली, तर चहाच्या पैशांत आठवड्याची भाजी जाते! या दोन नोटा पाकिटाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

साध्या खोलीचे भाडे, भागीत राहिल्यास किंवा शहराच्या कडेला घेतल्यास, महिन्याला साधारण चाळीस ते साठ लाख डोंग. रस्त्यालगतच्या खानावळीत 'फो' या शेवयांच्या सूपचा वाडगा चाळीस ते साठ हजार डोंगांना मिळतो. दोन्ही वेळचे जेवण, न्याहारी आणि कॉफी धरून दिवसाला दीड लाख डोंग पुरावेत. प्रवास आणि दूरध्वनीसाठी महिन्याला दहा लाख ठेवले, तर एकूण मासिक खर्च सुमारे एक कोटी पाच लाख डोंग, म्हणजे पस्तीस हजार रुपयांच्या आसपास जातो. तीन महिन्यांचा हा खर्च, जाण्यायेण्याचे विमानभाडे, व्हिसा, विमा आणि अडीअडचणीसाठी थोडी शिल्लक, असे सारे मिळून दीड लाख रुपयांची तयारी असावी. हा केवळ अंदाज आहे. शहर आणि राहणी यांप्रमाणे तो वरखाली होईल. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण परदेशातही तितकीच खरी.

हे दीड लाख उभे करण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास व्याजाचे नुकसान होते. त्याऐवजी त्याच ठेवीवर कर्ज घेता येते. सर्वांत उत्तम मार्ग मात्र आधीपासून तयारी करण्याचा. पदवीच्या पहिल्या वर्षी दरमहा ६,००० रुपयांची आवर्ती ठेव सुरू केली, तर चोवीस महिन्यांत १,४४,००० रुपये मुद्दल जमते आणि व्याजासह रक्कम दीड लाखाच्या पुढे जाते. घरातील दुसऱ्या कोणत्याही योजनेला मग धक्का लागत नाही.

पैसे नेण्याचे नियमही जाणून घ्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, जी २००४ मध्ये सुरू झाली, निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते. पॅन आवश्यक असतो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंतच्या अशा रकमेवर उगमस्थानी कर गोळा केला जात नाही. त्यामुळे इंटर्नशिपच्या खर्चाला सहसा त्याची झळ पोहोचत नाही. रोख परकीय चलन बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला तीन हजार डॉलरपर्यंतच नेता येते. भारतात डोंग सहजी मिळत नाहीत. थोडे रोख डॉलर आणि उरलेली रक्कम डॉलर भरलेल्या प्रवासी कार्डावर, अशी विभागणी सोयीची पडते. तेथील दुकानात किंवा एटीएममध्ये यंत्राने रक्कम रुपयांत वळवून देण्याचा पर्याय दाखविला, तर तो नाकारून डोंगच निवडावा. रुपयांचा तो दर बहुधा महाग पडतो.

कागद पक्के, तर पाय पक्के

खरा धोका खर्चात नसून घाईत केलेल्या कागदपत्रांत असतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून नव्वद दिवसांपर्यंतचा मिळू लागला आणि तो मिळविणे सोपे असल्याने, 'पर्यटक म्हणून या, मग पाहू' असा सल्ला काही मध्यस्थ देतात. पर्यटनासाठी घेतलेल्या व्हिसावर काम करणे नियमबाह्य आहे. पकडले गेल्यास दंड, प्रसंगी देशाबाहेर रवानगी आणि पुढील प्रत्येक व्हिसा अर्जावर त्याची सावली, एवढे मोल त्या एका सोयीसाठी द्यावे लागू शकते. परदेशी विद्यार्थ्याच्या इंटर्नशिपसाठी महाविद्यालय आणि यजमान संस्था यांच्यातील लेखी करार हा पाया असतो. व्हिसाचा योग्य प्रकार आणि तेथील कामगार खात्याकडील पूर्तता यजमान संस्थेनेच करून द्यावयाची असते. कोणती प्रमाणपत्रे कोणत्या पद्धतीने साक्षांकित करून हवीत, हे तिच्याकडून आधी लिहून घ्यावे. त्यात आठवडे जातात.

त्या करारात पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात: काम कोणते, मार्गदर्शक कोण, तास किती, वेतन किंवा सवलत कोणती आणि शेवटी प्रमाणपत्रात काय लिहिले जाणार. 'कार्यालयीन साहाय्य' अशा मोघम शब्दांवर समाधान मानले, तर तीन महिने छायाप्रती काढण्यात सरतात. जी संस्था जागेसाठी भरभक्कम शुल्क मागते आणि कामाविषयी मौन पाळते, तिच्यापासून दूर राहणेच श्रेयस्कर. शक्य असेल, तर महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी भावी मार्गदर्शकाशी एकदा समक्ष पडद्यावर बोलावे. दहा मिनिटांत पुष्कळ काही कळून येते.

आणखी दोन बाबी सहसा ध्यानात येत नाहीत. परदेशी पाहुणा राहावयास आला, की त्याची नोंद स्थानिक पोलिसांकडे करणे घरमालकाचे कर्तव्य असते. ती झाली की नाही, हे विद्यार्थ्याने विचारून खात्री करावी. दुसरी बाब दुचाकीची. व्हिएतनामची शहरे दुचाकींनी ओसंडून वाहतात आणि भाड्याने स्कूटर सहज मिळते. परंतु भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालील असतो, तर व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातील परवाना मानतो. म्हणजे घरून नेलेल्या त्या परवान्यावर तेथे स्कूटर चालविणे वैध ठरत नाही आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. बस, हो चि मिन्ह सिटीत डिसेंबर २०२४ मध्ये आणि हनोईत नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली मेट्रो, किंवा मोबाईलवरून बोलाविलेली दुचाकी-टॅक्सी यांवरच भागवावे.

परकेपणा आणि आपलेपणा

मुंबईहून थेट विमानाने सुमारे पाच तासांत हो चि मिन्ह सिटी गाठता येते. घड्याळ केवळ दीड तास पुढे करावे लागते. आईशी रात्री बोलावयाचे तर जागरण घडत नाही. अंतर जाणवते ते भाषेमुळे. लिपी रोमन आहे. परंतु स्वरांच्या चढउतारांवर अर्थ बदलतो. 'मा' या एकाच अक्षराचे, सूर बदलला की, आई, भूत, घोडा, थडगे, भाताचे रोप आणि 'परंतु' असे निरनिराळे अर्थ होतात. कारखान्यातील कामगारांना इंग्रजी बहुधा येत नाही. जाण्याआधी दोन महिने आकडे, रंग, अभिवादने आणि 'समजले नाही' एवढे तरी कानाने ऐकून शिकावे.

शाकाहाऱ्यांना सुरुवातीस अडचण येते. भाजीच्या पदार्थातही माशांपासून केलेले 'नुओक माम' हे खारट पाणी असू शकते. येथे एक शब्द तारून नेतो. 'चाय' याचा अर्थ तेथे चहा नव्हे, तर शाकाहार! चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला अनेक बौद्ध कुटुंबे शाकाहार पाळतात. ज्यांच्या घरी एकादशी पाळली जाते, त्यांना हे नवल वाटू नये. 'चाय'ची पाटी लावलेल्या खानावळी शहरांत ठिकठिकाणी आढळतात.

दुपारच्या जेवणानंतर अनेक कार्यालयांत दिवे मंदावतात, टेबलांखालून चटया निघतात आणि सारे कर्मचारी अर्धा-पाऊण तास निवांत झोपतात. पुण्यातील वामकुक्षीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे दृश्य अवश्य पाहावे. ही झोप आळशीपणाची नाही. काम सकाळी लवकर सुरू झालेले असते आणि झोपेनंतर पुन्हा त्याच नेटाने चालू होते.

भारताशी असलेला जुना धागाही तेथे हाती लागतो. मध्य व्हिएतनाममधील मी सॉन येथे चंपा राज्यातील शिवमंदिरांचा समूह आहे. चौथ्या शतकात राजा भद्रवर्मनाने तेथे शिवाचे पहिले देवालय उभारले. १९९९ मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तेथे जीर्णोद्धाराचे काम केले असून, २०२० मध्ये त्या कामात नवव्या शतकातील अखंड पाषाणाचे शिवलिंग सापडले. सुट्टीच्या एखाद्या आठवड्याअखेरीस दा नांगला जाऊन हे स्थळ पाहणे खर्चिक नाही.

अखेरचा हिशेब

इचलकरंजीच्या त्या घरातील प्रश्नाकडे पुन्हा वळू या. करार स्पष्ट असेल, मार्गदर्शक खरा असेल आणि व्हिसा रीतसर असेल, तर दीड लाख रुपये वाया जाणार नाहीत, असे मानावयास हरकत नाही. यांपैकी एक जरी कच्चे असेल, तर देश कितीही स्वस्त असो, ती रक्कम महागच पडेल आणि तेव्हा घरच्या मागासाठी ठेवलेल्या पैशाला हात न लावणेच शहाणपणाचे. स्वस्ताईने जोखीम लहान होते. उमेदवारीचे चीज मात्र कामानेच होते.

आणि ते चीज झाले की नाही, हे ओळखण्याची एक खूण व्हिएतनामी भाषेतच आहे. तेथे 'मी' आणि 'तू' यांऐवजी नात्याचे शब्द वापरतात. वयाने मोठ्या पुरुषाला 'आन्ह', मोठ्या स्त्रीला 'ची', आणि धाकट्याला 'एम'. दादा, ताई, काका म्हणण्याची सवय असलेल्या मराठी मुलांना हे चटकन साधते. म्हणूनच ओळख होताच पहिल्याच भेटीत वय विचारले जाते. तो आगाऊपणा नसून आदराची पूर्वतयारी असते. कारखान्यात पाऊल ठेवणारी ती विद्यार्थिनी पहिल्या दिवशी सर्वांची 'एम' असेल. तिसऱ्या महिन्यात तिच्याहून लहान एखादी नवी उमेदवार लाइनवर येईल, बिघडलेली शिवण हातात घेऊन तिच्यापाशी थांबेल आणि 'ची' म्हणून हाक मारील. त्या क्षणी तिला त्या शिवणीतला दोष दाखविता आला, म्हणजे उमेदवारी पुरी झाली.